करार नाकारणारी मुले

ग्लासगो किंवा डंडीच्या कामगार वस्तीतील एखाद्या मुलापुढे फुटबॉल क्लबाने व्यावसायिक कराराचा कागद ठेवावा आणि त्याने तो नम्रपणे परत करून अमेरिकेतील विद्यापीठाची वाट धरावी, ही गोष्ट चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये कोणी खरी मानली नसती. गोदी, पोलाद आणि कोळसा यांवर जगणाऱ्या त्या समाजात फुटबॉलचा करार म्हणजे खाणीतून वर येण्याची शिडी होती. १९६७ साली लिस्बन येथे युरोपीय चषक जिंकणाऱ्या सेल्टिक संघातील सर्व खेळाडू क्लबाच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते, हे तेथे आजही अभिमानाने सांगितले जाते. त्याच भूमीतील सतरा-अठरा वर्षांची मुले आता करार आणि शिष्यवृत्ती यांना तराजूत घालतात, आणि पारडे पुष्कळदा शिष्यवृत्तीकडे झुकते. मुलांच्या निष्ठेला बोल लावणे सोपे आहे. परंतु करारात काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसते, हे पाहिल्यावाचून तसे करणे न्यायाचे ठरणार नाही.

स्कॉटिश खेळाडूने देश सोडणे यात नवीन काही नाही. फुटबॉलसाठी मोबदला घेण्यास इंग्लंडने १८८५ मध्ये मान्यता दिली; स्कॉटलंडने मात्र हौशीपणाचे सोवळे १८९३ पर्यंत सोडले नाही. साहजिकच चांगले खेळाडू दक्षिणेकडे गेले. १८८८-८९ च्या हंगामात एकही सामना न गमावता इंग्लंडची साखळी स्पर्धा आणि चषक असे दोन्ही जिंकणाऱ्या प्रेस्टन नॉर्थ एंडचा कणा स्कॉटिशच होता. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेने बोलावणे धाडले. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम स्टीलसारखे कारखान्यांचे संघ खेळाडूला मैदानाबरोबर कारखान्यातील नोकरीही देत. पुढे स्कॉटलंडचा नामवंत खेळाडू ठरलेला ॲलेक्स जॅक्सन १९२३-२४ चा हंगाम तेथे खेळून ॲबर्डीनला परतला होता. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात उपान्त्य फेरी गाठणाऱ्या अमेरिकी संघातील पाच जणांचा जन्म स्कॉटलंडमधला. तेव्हाची मुले पैशाच्या मागे गेली, असे म्हणता येत असे. आजची मुले घरचा पगार नाकारून अशा देशात जातात, जेथील विद्यापीठीय क्रीडासंघटनेने शंभरावर वर्षे हौशीपणाचाच डिंडिम वाजवला. त्यांना पगाराखेरीज आणखी काही हवे आहे, हे उघड आहे.

पगाराची कथाही फारशी भरभक्कम नाही. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या या देशात राष्ट्रीय साखळीच्या चार श्रेणींत मिळून ४२ क्लब आहेत. वरच्या श्रेणीतील १२ क्लब पूर्णवेळ व्यावसायिक आहेत; खालच्या दोन श्रेणींत मात्र बहुतेक सारा कारभार अर्धवेळ चालतो. स्ट्रॅनरार किंवा एल्गिन सिटीचा खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. वरच्या श्रेणीतही गुणवान मुलाला संधी मिळतेच असे नाही. १९८५ मध्ये ॲबर्डीनने विजेतेपद मिळवले, त्यानंतर २०२५ पर्यंतची चाळीस विजेतेपदे सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांनीच वाटून घेतली. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते तयार खेळाडू परदेशातून विकत आणतात आणि घरचे मूल राखीव बाकावर मोठे होते. २०२१ पासून या दोन्ही क्लबांनी आपले दुय्यम संघ पाचव्या श्रेणीतील लोलँड लीगमध्ये उतरवले, तेही मुलांना खेळायला सामने मिळत नव्हते म्हणूनच. स्कॉटिश फुटबॉल संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा विषयही हाच होता: सोळा ते एकवीस या वयात खेळाडूला मोठ्यांच्या सामन्यांत पुरेसे खेळायला मिळत नाही.

जे थोडे अलौकिक असतात त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. बिली गिल्मर २०१७ मध्ये सोळाव्या वर्षी रेंजर्स सोडून चेल्सीला गेला. एरन हिकी २०२० मध्ये अठराव्या वर्षी हार्ट्सकडून इटलीतील बोलोन्याला. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारी सराव करणाऱ्या उरलेल्या मुलांचा. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडता येते आणि पूर्णवेळ क्लबाची उमेदवारी नेमकी त्याच वयात सुरू होते. करार वर्षा-दोन वर्षांचा. तो संपल्यावर 'आभारी आहोत' एवढे ऐकून बाहेर पडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ ना पुढचा क्लब असतो, ना सोळाव्या वर्षानंतरचे एखादे प्रमाणपत्र. तेलही गेले, तूपही गेले, अशी ही अवस्था. मोठा भाऊ किंवा शेजारचा मुलगा यातून गेलेला पाहिल्यावर घरातील धाकटा शहाणा झाला, तर त्यात नवल ते काय?

खेळ आणि शाळा यांची फारकत स्कॉटलंडमध्ये पूर्वापार नव्हती. शाळा सुटल्यावर आणि शनिवारी सकाळी मुलांचे सामने घेणारा शिक्षक हा तेथील फुटबॉलचा आधारस्तंभ होता आणि या कामाचा वेगळा पैसा त्याला मिळत नसे. १९८४ ते १९८६ या काळात वेतनावरून शिक्षकांचे दीर्घ आंदोलन झाले, त्यात हे स्वेच्छेचे काम थांबले, आणि आंदोलन मिटल्यावरही ते पूर्वीसारखे सुरू झाले नाही. शिक्षकांच्या वेतनात काटकसर करणाऱ्या सरकारला आपण फुटबॉलचेही बजेट कापत आहोत, याची कल्पना बहुधा नसावी. शाळेने सोडलेली जागा क्लबांनी घेतली. आठ-नऊ वर्षांचे मूल क्लबाच्या दप्तरी नोंदले जाऊ लागले. मुलांच्या या नोंदणीच्या जाचक अटींविरुद्ध २०१० मध्ये स्कॉटिश संसदेपुढे अर्ज आला आणि त्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. २०१२ मध्ये फुटबॉल संघटनेने निवडक शाळांतून अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालण्याची योजना सुरू केली. गिल्मर त्यातूनच आलेला. योजना चांगली होती, पण तिची मुदत बाराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत. जेथे मुलाला खरी निवड करावी लागते, त्या उंबरठ्यावर येऊन ती थांबली.

या साऱ्यात एक विलक्षण विसंगती आहे. पहिल्या पदवीसाठी स्कॉटिश विद्यार्थ्याला स्वदेशातील विद्यापीठात शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. इंग्लंडमधील विद्यार्थी कर्जाखाली दबलेला असताना स्कॉटलंडने हे धोरण टिकवले, ही त्या देशाला भूषणावह गोष्ट आहे. म्हणजे उच्च शिक्षण घरी जवळजवळ मोफत, व्यावसायिक फुटबॉल घरी हाताशी, आणि तरीही दोन्ही एकत्र हवे असणाऱ्या मुलाने अटलांटिक ओलांडावा! पूर्णवेळ क्लबाचा सराव सकाळी असतो आणि महाविद्यालयाची व्याख्यानेही तेव्हाच. दोन्ही संस्था एकाच शहरात असून परस्परांकडे पाठ करून उभ्या आहेत. अपवाद नाही असे नाही. स्टर्लिंग विद्यापीठ खेळाडूंना शिष्यवृत्त्या देते आणि त्याचा संघ २०१३ मध्ये लोलँड लीग स्थापन झाली तेव्हापासून तीत खेळू लागला. पण अशा एखाद-दुसऱ्या उदाहरणाने देशाची व्यवस्था होत नाही.

अमेरिकेत ही व्यवस्था आहे; मात्र ती स्कॉटिश मुलांच्या कल्याणासाठी उभारलेली नाही. तेथील विद्यापीठांना आपल्या नावाने जिंकणारे संघ हवे असतात. वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठाने मे २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा अंतिम सामन्यातील एकमेव गोल एका इंग्लिश मुलाने केला होता. अशा विद्यापीठात मुलाला मैदाने, वैद्यकीय देखभाल, वसतिगृह मिळते आणि त्याबरोबर एक अट मिळते, ती महत्त्वाची: अभ्यासात ठराविक गुण राखले नाहीत तर संघातून वगळले जाते. हंगामातही सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा नियमाने घातलेली आहे. स्कॉटिश क्लबाने मुलाला अभ्यासासाठी मैदानाबाहेर बसवल्याचे कोणी ऐकले आहे काय?

तरीही या चित्राची दुसरी बाजू पालकांना सांगितली जात नाही. मुलांना अमेरिकेत पाठवण्याचा व्यवसाय करणाऱ्या दलालांना ती सांगणे परवडणारे नाही. पहिल्या विभागातील पुरुष संघाला अनेक वर्षे केवळ ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत वाटल्या जात. म्हणजे 'शिष्यवृत्ती' या शब्दाचा अर्थ बहुधा निम्मी किंवा पाव फी माफ एवढाच. काही खासगी विद्यापीठांचा वार्षिक खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेलेला असताना उरलेला भाग कोणी भरायचा? जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली आणि संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. परंतु त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही मुभा मिळाली. तो पैसा प्रामुख्याने अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्याकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, तेव्हा या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे तेही दिसले.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठांवर स्त्री-पुरुष समानतेचे बंधन आले, त्यामुळे मुलींच्या फुटबॉलला तेथे मोठे बळ मिळाले. स्कॉटलंडमध्ये स्त्रियांसाठी पूर्णवेळ संघ अलीकडच्या वर्षांत निघू लागले. तोवर अमेरिकेस जाणाऱ्या स्कॉटिश मुलीला नाकारण्याजोगा करारच नव्हता.

क्लबांची बाजू अगदीच निराधार नाही. मुलगा इंग्लंडमधील क्लबाकडे गेला तर त्याला घडवल्याचा मोबदला मिळतो. विद्यापीठाकडे गेला तर काही मिळत नाही. अठरा ते बावीस या वयात पूर्णवेळ व्यावसायिक वातावरण न मिळाल्यास खेळाडू कच्चा राहतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. अमेरिकेतील व्यावसायिक क्लबही आता स्वतःच्या प्रबोधिनींतून खेळाडू घेऊ लागल्याने विद्यापीठातून वर जाण्याची वाट अरुंद झाली आहे, हेही खरे. पण ती बंद नाही. मँचेस्टर युनायटेडची युवा शाखा चौदाव्या वर्षी सोडून आईच्या आग्रहाने अमेरिकेत शिकायला गेलेला जॅक हॅरिसन वेक फॉरेस्ट विद्यापीठातून २०१६ मध्ये व्यावसायिक निवडीत पहिला आला आणि पुढे इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत खेळला. नोत्र दाम विद्यापीठाकडून चार हंगाम खेळलेला आयरिश जॉन गॅलाघर २०१९-२० मध्ये ॲबर्डीनकडून स्कॉटलंडच्याच वरच्या श्रेणीत उतरला.

आणि घरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. सेल्टिकने पंधराव्या वर्षी नाकारलेला अँडी रॉबर्टसन २०१२ मध्ये क्वीन्स पार्क या तेव्हा हौशी असलेल्या क्लबाकडून पगाराविना खेळत होता. दोन वर्षांत तो इंग्लंडला पोहोचला, २०१७ मध्ये लिव्हरपूलला गेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कला ४-२ असे हरवून स्कॉटलंडने १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळवला, तेव्हा संघाचा कर्णधार तोच होता. पंधराव्या किंवा अठराव्या वर्षी खेळाडूचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्यांचा अंदाज किती चुकतो, याचा हा पुरावा. २०१९ मध्ये क्वीन्स पार्कनेही हौशीपणा सोडला. खेळता खेळता शिकता येईल असे मोठ्या साखळीतील एक ठिकाण त्या निर्णयाने कमी झाले. खालच्या दोन श्रेणींतील अर्धवेळ क्लब मात्र आजही संध्याकाळीच सराव करतात आणि त्यांतील कित्येक क्लब विद्यापीठाच्या शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत.