घर पाहावे वाचून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आजचा मध्यमवर्गीय माणूस पुष्कळदा बांधलेले घरच विकत घेतो. त्याने घर पाहावे ते वाचून, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

यंदा बाबांनी शहापूर भागातील एक ३० वर्षांचे घर पसंत केले. संचकार देण्याचा दिवसही ठरला. मामांच्या आग्रहावरून एका इंजिनिअरकडून घराची तपासणी करून घेतली. ९ पानांचा इंग्रजी अहवाल आला. कानडी उतारा मी घरात वाचून दाखवते. हा अहवाल मात्र कोणीच वाचला नाही. शेवटच्या पानावर 'स्थिती साधारण बरी' असा शेरा होता. तेवढा पाहून बाबा म्हणाले, "पास झालं म्हणायचं घर! आणि बँकेनंही मूल्यांकन केलंयच की."

चूक होते ती येथेच. बँकेचे मूल्यांकन कर्जाला तारण पुरेसे आहे की नाही, यासाठी असते. घराची प्रकृती सांगणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. आणि तपासणीचा अहवाल म्हणजे काही परीक्षेचा निकाल नव्हे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ताळेबंदातील आकड्यांबरोबर लेखापरीक्षकाचे शेरेही वाचायला शिकवतात. येथेही तेच करायला हवे.

त्या रात्री मी सर्व पाने मराठीतून वाचून दाखवली. गिलाव्यावरच्या १ मिलिमीटरहून बारीक भेगा बहुधा गिलावा आकसल्यामुळे पडतात. त्यांची फारशी भीती नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली ३ मिलिमीटरची भेग पाया खचल्याची खूण असू शकते, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. पट्टी तडकली, तर भेग अजून वाढते आहे असे समजावे. न्हाणीघराच्या स्लॅबची सळई उघडी पडली होती. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. वरून गिलावा केला की गंज झाकतो, थांबत नाही. सातव्या पानावर एक ओळ होती : 'माडीवरील खोलीला कुलूप असल्याने ती पाहता आली नाही.'

आई लगेच म्हणाली, "मग ती खोली कोणी बघायची?"

सगळ्या अहवालातला खरा प्रश्न तोच होता!

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेला मोठा छुपा दोष सांगितला पाहिजे. पण साध्या काळजीने जो दिसला असता, तो दोष पाहणे घेणाऱ्याकडेच राहते. २०१६ च्या रेरा कायद्यातील बांधकामदोषांची ५ वर्षांची हमी बिल्डरने ताबा दिलेल्या नव्या घरांसाठी आहे. ३० वर्षांच्या घराला तिचा उपयोग नाही. शिवाय आपल्याच अहवालात लिहिलेला दोष मागाहून 'छुपा होता' असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आम्ही संचकार पुढे ढकलला. खोली उघडून दाखवावी आणि स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा, असे मालकांना कळवले. ते रागावले आहेत. घर कदाचित हातचे जाईलही.

तरी मला वाईट वाटत नाही. सीमाभागातल्या आपल्या घरांत कागद कानडीत नाहीतर इंग्रजीत येतात आणि निर्णय मात्र स्वयंपाकघरात, मराठीत होतात. या दोहोंमध्ये उभे राहून प्रत्येक ओळ आईला कळेल अशी वाचून दाखवणे, एवढे काम तरी आपण शिकलेल्या मुलामुलींनी करावे. जन्मभराची पुंजी न वाचलेल्या कागदावर ठेवू नये.