प्रवरेच्या खोऱ्यातली वाट कोणाची?

‘डोंगरात जात नसते’ हे वाक्य ट्रेकिंगच्या जगात फार ऐकू येतं. आमच्यापैकी कोणी एखाद्या ट्रेक ग्रुपवर जातीचा विषय काढला की हे उत्तर ठरलेलं असतं. निसर्ग सगळ्यांचा, पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, वगैरे. पाऊस सारखा पडतो हे आम्हांला मान्य आहे. पण पडलेलं पाणी पुढं कुठं जातं आणि आपण चालतो ती वाट कोणाच्या पायांनी पडली, हे विचारलं की जात, जमीन आणि कायदा तिन्ही समोर येऊन उभे राहतात.

रतनगडाची वाट घेऊ. अकोले तालुक्यात भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाला रतनवाडी आहे. तिथल्या अमृतेश्वराच्या जुन्या दगडी देवळापासून निघालं की वाट प्रवरेच्या काठानं जाते. नदी इथं अजून ओढाच असते, दगडांवरून पाय टाकत ती ओलांडावी लागते. मग दाट रान, मग चढ, आणि शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. रानातच एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडं फुटतो, तिकडून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जाता येतं. गडाच्या दुसऱ्या अंगानं साम्रदला उतरता येतं, म्हणजे सांदण दरीच्या तोंडाशी. पावसाच्या तोंडावर काजवे चमकायला लागले की पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी हा सगळा भाग भरून जातो. वाट सुंदर आहे, यात वाद नाही. आपल्या पोरांनी जरूर जावं.

पण ही वाट ट्रेकर्सनी पाडलेली नाही. डांगाणातली महादेव कोळी आणि ठाकर माणसं हिरडा गोळा करायला, गुरं चारायला, लेकीच्या सासरी आणि खिंडीपलीकडच्या गावांना असल्याच वाटांनी पिढ्यान् पिढ्या गेली. सोशल मीडियावर मात्र अशा वाटेला ‘आम्ही शोधलेला नवा रूट’ म्हणतात. पुढं चालून कोयत्यानं फांद्या छाटणारा माणूस तिथं ‘लोकल गाईड’ असतो. फोटोत तो कधी कधी असतो, नावात बहुधा नसतो.

आणि आपण? या वाटांशी आपला संबंध काय, असं आपल्यातलेच काही जण विचारतात. महारकीची कामं आठवा. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, अंमलदार आला की त्याच्यापुढं चालून वाट दाखवायची, खजिन्याबरोबर जायचं, शिवेचा तंटा झाला की शीव कुठून जाते ते सांगायचं. गावाची हद्द कुठं संपते हे महाराला माहीत होतं आणि गाव त्याचा शब्द धरत होतं. गडांच्या घेऱ्यातल्या मेटांवर पहारा देणाऱ्यांत कोळी, रामोशी होते तसे महार, मांगही होते. इतिहासाच्या पुस्तकात तट आणि बुरूज येतात, खालच्या रानात रात्र जागवणारा येत नाही.

म्हणजे सह्याद्रीच्या पायवाटांचं ज्ञान आपल्या आज्या-पणज्यांकडं होतं, पण ते वेठीचं ज्ञान होतं. रानात पुढं चालायचं आणि गावात आलं की बाजूला उभं राहायचं. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते ही गुलामी मोडायला. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला मात्र 1958 उजाडलं.

याच इतिहासावरून काही कार्यकर्ते उलटा निष्कर्ष काढतात. डोंगर चढणं हा पोट भरलेल्या सवर्णांचा छंद, आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? आम्हांला हे पटत नाही. 1934 साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाच सहलीला जावंसं वाटलं आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर गेले. वेरूळची लेणी पाहायची होती, वाटेत दौलताबादचा किल्ला होता. किल्ल्याबाहेरच्या हौदात प्रवासाची धूळ धुतली म्हणून त्यांना शिवीगाळ झाली, आणि पुढं किल्ला दाखवला तो आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. ओरडणारे मुसलमान होते. अस्पृश्य हा हिंदूंपुरताच अस्पृश्य नसतो, हे दाखवायला बाबासाहेबांनी तो प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त लिहून ठेवला. त्यात आम्हांला आणखी एक गोष्ट दिसते. ती माणसं मोर्चाला नव्हे, हौसेनं फिरायला गेली होती. हौसेनं फिरायचा हक्कही त्यांना नाकारला गेला, आणि बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहिण्याइतका महत्त्वाचा मानला.

आज किल्ल्याच्या दारात कोणी अडवत नाही. अडवणूक जेवणाच्या वेळी होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या पोरांचा एक ग्रुप एका मोठ्या गावात मुक्कामाला होता. गप्पांच्या ओघात आडनावं विचारली गेली, आणि थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आत गेला व विकतच्या बाटल्या बाहेर आल्या. कोणी काही बोललं नाही. बिलात बाटल्यांचे पैसे मात्र लावले! अशा वेळी कायदा पाठ असलेला बरा. नदी, झरा, रस्ता आणि ये-जा करायची वाट वापरण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी जायची वहिवाटीची वाट नाकारणं ॲट्रॉसिटीच्या कायद्यातही येतं.

आता कायद्याची दुसरी बाजू. 1927 हे साल आपल्याला महाडमुळं पाठ आहे. 20 मार्चला चवदार तळं, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. या दोन तारखांच्या मध्ये, सप्टेंबरात, भारतीय वन अधिनियम लागू झाला. त्याचं कलम 25 सांगतं की राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट, तसाच पाण्याचा प्रवाह, वन अधिकारी सरकारच्या मंजुरीनं बंद करू शकतो, फक्त दुसरी सोय हवी. एकीकडं तळ्याची वाट उघडायला आपली माणसं डोकी फोडून घेत होती आणि दुसरीकडं रानाची वाट मिटायची किल्ली सरकार आपल्या खिशात टाकत होतं. हा कायदा अजून जिवंत आहे.

रतनगडाचं रान 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, आणि पर्यटन हे परवाना द्यायचं एक मान्य कारण आहे. म्हणजे शहरातून आलेल्याची वाट पैसे भरून मोकळी होते. ज्याच्या आजीनं ती वाट पाडली त्याला मात्र आपला हक्क शाबीत करावा लागतो. पाण्याचंही तेच. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण या खोऱ्यात आहे, पण त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला तो खाली, कालव्यांच्या पट्ट्यात. सहकारी साखरेचं कौतुक करताना वरच्या वाड्यांचं नाव कोण घेतं?

2006 च्या वनहक्क कायद्यानं हे थोडं उलटवलं. सामूहिक हक्क, गौण वनोपज, पूर्वापार चालत आलेले इतर हक्क आणि रानाची राखण, हे सगळं त्यानं मान्य केलं आणि दाव्यांची सुरुवात ग्रामसभेच्या हातात दिली. आमची मागणी त्याच्या पुढची आहे. प्रवेशाचे पैसे किती, वाटाड्याची मजुरी किती, काजव्यांच्या दिवसांत किती गाड्या सोडायच्या, हे त्या त्या गावच्या ग्रामसभेनं ठरवावं. लोकांच्या हातात दिलं तर रानाचा उकिरडा होईल, ही भीती आम्ही ऐकली आहे. चिप्सची पाकिटं वाडीतल्या म्हातारीनं आणलेली नसतात.

आदिवासींच्या या लढ्यात आपण पाहुणे नाही. याच कायद्यात एक अट आपल्यावर बसली आहे. रानालगत राहणारा दलित किंवा भटका माणूस अनुसूचित जमातीचा नसेल, तर 13 डिसेंबर 2005 च्या आधी 3 पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तो तिथं राहून जंगलावर जगत होता हे दाखवावं लागतं. म्हणजे 1930 चा पुरावा. ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही त्यांच्याकडं 1930 चा कागद मागायचा! ही अट काढायला लावणं हा आपला कार्यक्रम असला पाहिजे.

तोवर दावे पडू देऊ नका. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि वतनाच्या जमिनीचे जुने कागद तहसिलात पडून आहेत, नकला मागा. आणि एक सोय फार जणांना ठाऊक नसते: दावा करणारा सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही नियमांत पुरावा म्हणून चालतो. असे जबाब देऊ शकणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. पुढच्या ट्रेकला निघाल तेव्हा पिशवीत वही-पेन टाका आणि गड चढण्याआधी एक दिवस वाडीत थांबा.