कुत्र्याला साखळी हवीच

माथेरानात माझ्या वडिलांचा घोड्याचा धंदा आहे. त्या कमाईवरच मी पनवेलला बी. ए. शिकतो. ऑलिंपिया मैदानावरील एका शर्यतीत पाहुण्यांचा मोकळा कुत्रा आमच्या घोड्याच्या मागच्या पायांत शिरला. घोड्याला दोन्ही बाजूंचे दूरवर दिसते, थेट शेपटीमागचे मात्र दिसत नाही. तिथे काही हलले की तो लाथ झाडतो, नाहीतर उधळतो. स्वार पडला, मनगट मोडले. "आमचा टॉमी काही करत नाही हो," बाई म्हणाल्या. खरेही असेल, पण ते घोड्याला कोणी सांगावे? वडील गप्प राहिले. घोडेवाल्याने तोंड उघडले की गिऱ्हाईक तुटते. म्हणून नियम आयोजकांनीच करावा, आणि साखळीविना कुत्रा मैदानाबाहेरच अडवावा. आमची गावठी कुत्री घोड्यापासून आपणहून चार हात लांब चालतात.