गल्लीतला ढीग आणि रस्त्यावरचा हक्क

गेल्या उन्हाळ्यात मी घराचे काम काढले. एक भिंत पाडायची, मोरी मोठी करायची, जुन्या फरशा काढून नव्या बसवायच्या, एवढेच. पहिल्या दोन दिवसांतच पन्नास-साठ गोण्या राबिट निघाले. हे जाणार कुठे, असे कंत्राटदाराला विचारले, तर तो म्हणाला, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. गल्लीत लावून ठेवतो, दोन-चार दिवसांत टेम्पो येईल." मी टेन्शन घेतले नाही. टेम्पो अकराव्या दिवशी आला.

त्या अकरा दिवसांत आमच्या गल्लीत एका बुजुर्ग चाचांचा इंतकाल झाला. गल्ली मुळात आठ फुटांची. एका बाजूला उभ्या बाईक, दुसऱ्या बाजूला माझ्या गोण्या. खांदा देणाऱ्यांना तिरके होऊन, पाय जपत जनाजा बाहेर काढावा लागला. त्यांत मीही होतो. कुणी काही बोलले नाही. अशा वेळी कुणी बोलत नाही. पण गोण्या कुणाच्या आहेत हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे ईमानचेच एक अंग आहे, ही हदीस आपण मदरशात पाठ केलेली असते. मी तर वस्तू बाजूला करण्याऐवजी आणून ठेवली होती. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही: स्वतःच्या कामासाठी सर्वांच्या रस्त्यावर काही ठेवायचे असेल तर त्याची रीत काय आहे, आणि आपण ती का पाळत नाही?

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षे इंग्लंडमध्ये होतो. आपल्या कोकणातली बरीच मुस्लिम कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत. माझा एक मामेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याने किचन पाडून नवे बांधायला घेतले तेव्हा पहिला फोन मिस्त्रीला केला नाही, स्किपवाल्याला केला. स्किप म्हणजे वरून उघडी, लोखंडी, मोठी पेटी. ती भाड्याने मिळते, भरली की ट्रक येऊन उचलून नेतो. स्किपवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पेटी तुमच्या आवारात ठेवायची की रस्त्यावर?" आवारात ठेवली तर परवाना लागत नाही. रस्त्यावर ठेवायची तर रस्ते सांभाळणाऱ्या स्थानिक कौन्सिलची लेखी परवानगी लागते. भावाच्या घरापुढे जागा नव्हती. मग स्किपवाल्यानेच अर्ज केला आणि त्याचे शुल्क बिलात धरले.

हा नियम तिथल्या १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १३९ मध्ये आहे. पेटी नेमकी कुठे ठेवायची, तिचा आकार किती, येणाऱ्या वाहनांना ती कशी दिसावी, मुदत संपली की कधी हलवायची, अशा अटी कौन्सिल परवानगीतच घालू शकते. काही गोष्टी कायद्यानेच बंधनकारक आहेत. अंधारात पेटीवर दिवा हवा. मालकाचे नाव आणि फोन नंबर किंवा पत्ता पुसला जाणार नाही असा लिहिलेला हवा. पेटी भरली की शक्य तितक्या लवकर उचलायला हवी. परवानगीशिवाय ठेवली तर मालकाला एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि परवानगी असली तरी, अडथळा होत असेल तर कौन्सिल किंवा गणवेशातला पोलीस ती हलवायला सांगू शकतो. म्हणजे परवाना मिळाला म्हणून रस्ता आपला होत नाही. काही दिवसांसाठी, अटींवर, उसना मिळतो.

त्या वेळी मला हा सारा प्रकार अतिरेकी वाटला होता. आता मागे वळून पाहताना त्यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते: पेटीवरचे नाव. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही समजते की ही अडचण कुणाची आहे आणि फोन कुणाला करायचा. माझ्या गोण्यांवर नाव नव्हते. गल्लीला माहीत होते, पण गल्लीबाहेर त्या बेवारस होत्या. मुंबईत डेब्रिजचा जो ढीग दिसतो तो बहुतेक वेळा असाच बिननावाचा असतो. नाव नसले की जबाबदारीही नसते.

"ते विलायतेत असते, आपल्याकडे असले कायदे कुठे?" असे कुणी म्हणेल. आपल्याकडेही आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्याच्या कलम ३१३ नुसार रस्त्यात अडथळा होईल अशी वस्तू परवानगीवाचून ठेवता येत नाही. केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार असा कचरा ज्याच्या कामातून निघतो त्याने तो आपल्या आवारात ठेवायचा, किंवा ठरलेल्या संकलन केंद्रावर वा प्रक्रिया केंद्रावर पोचवायचा. वाहतूक, लोक किंवा गटारे अडतील असा टाकायचा नाही. त्यासाठीचे शुल्कही त्यानेच भरायचे. दिवसाला २० टनांहून अधिक किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा काढणाऱ्याला वर्गीकरण आणि आराखडा सक्तीचा होता. आता २०२५ चे नवे नियम आले आहेत. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, आणि मोठ्या प्रकल्पांवरची जबाबदारी त्यांनी आणखी वाढवली आहे.

२०१६ च्या त्याच नियमांनी स्थानिक संस्थांवरही एक काम टाकले होते: या कचऱ्यासाठी योग्य पेट्या ठेवणे आणि त्या वेळेवर उचलणे. आपल्या मोहल्ल्यांसाठी खरी गरज हीच आहे. आठ फुटांच्या गल्लीत बर्मिंगहॅमची स्किप शिरणार नाही. पण गल्लीच्या तोंडाशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांसाठी छोटी पेटी ठेवता येईल. मुंबईत 'डेब्रिज ऑन कॉल' ही सेवा आहे. फोन करून कळवायचे आणि ते येऊन घेऊन जातात. माझ्या गल्लीत मी दहा घरी विचारले. एकालाही ती माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी दिवसभर इंटरनेटवरच काम करतो.

माहिती नसली की मोकळी जागा 'सेटिंग' भरून काढते. गोण्या रात्री टेम्पोत भरायच्या आणि खाडीच्या कडेला किंवा कांदळवनात ओतून यायचे, हा धंदा सर्वांना ठाऊक आहे. कांदळवने नष्ट करणे हे जगण्याच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. खाडी बुजते तेव्हा पावसाचे पाणी सखल वस्त्यांमध्ये शिरते, आणि त्या वस्त्यांत राहतो कोण, हे वेगळे सांगायला नको. माझ्या गोण्या अखेर कुठे गेल्या हे मी टेम्पोवाल्याला विचारले नाही. विचारायला हवे होते.

आता याच कायद्याची दुसरी बाजू. कलम ३१३ च्या पुढे कलम ३१४ आहे. रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात, असे ते सांगते. या कलमाचा फटका कुणाला बसतो हे पाहायला कोणत्याही स्टेशनबाहेर उभे राहावे. केळेवाल्याची हातगाडी, अत्तर-टोप्यांचे टेबल, चपला शिवणाऱ्याची पेटी उचलायला दहा मिनिटे लागतात. शेजारीच बिल्डरचा ढीग असतो, तो सारा पावसाळा तिथेच काढतो. कलम तेच, रस्ता तोच, पण एकासाठी नोटीससुद्धा नाही आणि दुसऱ्यासाठी घाई नाही.

हेच कलम १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात फुटपाथवर राहणाऱ्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे होते. न्यायालयाने कलम कायम ठेवले. मात्र नोटीस न देता हटवण्याची मुभा आहे म्हणून दरवेळी तसेच करावे असा तिचा अर्थ होत नाही, सर्वसाधारणपणे माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असेही सांगितले. पुढे २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत अशी तरतूद आहे. हा कायदाही सांगतो तेच: रस्ता वापरायचा असेल तर लेखी, अटींवर, नावानिशी.

काही मित्र म्हणतात, "नियम कडक झाले की पहिले आपल्याच वस्तीवर येतील." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण अनुभव उलटे सांगतो. ज्याच्या हातात मुदत लिहिलेला कागद आहे, त्याला त्रास देणे अवघड असते. ज्याच्याकडे फक्त कुणाचा तरी तोंडी होकार आहे, तो कायम त्या होकाराचा ओलीस. धूसर नियमाचा फायदा वजनदाराला मिळतो आणि मार दुबळ्याला बसतो. म्हणून स्पष्ट नियम मागणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

मागण्या साध्या आहेत. डेब्रिज रस्त्यावर ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज एका पानाचा, मराठीत आणि उर्दूतही असावा. शुल्क आणि मुदत वॉर्ड ऑफिसच्या बाहेर फलकावर लिहिलेली असावी. प्रत्येक पेटीवर, ढिगावर परवाना क्रमांक, मालकाचे नाव, फोन नंबर आणि उचलण्याची तारीख असावी. दाट वस्त्यांत छोट्या पेट्या पालिकेने पुरवाव्यात. आणि हातगाडीला जो नियम, तोच बिल्डरला.

पण मागणी करण्याआधी काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. सोसायटीने काम सुरू करण्याची परवानगी देतानाच डेब्रिज कुठे जाणार हे लिहून घ्यावे. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ते उचलण्याचा खर्च वेगळा दाखवायला सांगावे. आपण तो वाचवतो आणि मग गल्ली भरते. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याचे एलान होते, तसे 'डेब्रिज ऑन कॉल'चेही एकदा व्हायला काय हरकत आहे?

मी चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांचा मुलगा म्हणाला, "जाऊ दे भाई, सगळेच ठेवतात." त्याने मन मोठे केले, पण मला ते उत्तर लागले. सगळेच ठेवतात म्हणूनच तर सगळेच तिरके चालतात.