जुना पोर्ट, नवी डिस्क

"जुन्या मदरबोर्डला फास्ट एसएसडी? पैसे वाया!" हॉस्टेलवर हा सल्ला फुकट मिळतो. मला तो पटत नाही. साटा-२ पोर्ट सेकंदाला फार तर ३०० एमबी नेतो, साटा-३ एसएसडी साधारण ५५० देऊ शकते. म्हणजे मोठी फाइल कॉपी करताना जवळपास निम्मा वेग वाया, मान्य. पण मशीन सुरू होताना असंख्य छोट्या फाइल्स वाचल्या जातात. तिथे ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क नुसती फिरून जागेवर यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद घेते, हेड सरकायचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, आणि एवढ्याशा डेटाला जुना पोर्टही पुरून उरतो. तेव्हा मित्रांनो, घरी नव्या पीसीचे पैसे मागण्याआधी एवढं करून बघा. उद्या नवा पीसी आलाच, तर हीच एसएसडी त्यात पूर्ण वेगाने धावेल!