वणई

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. दिवसभरात चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. देणारे छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पा, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये. मोडके पापड शेजारीपाजारी वाटून टाकले जात. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२१ मध्ये, म्हणजे बासष्ट वर्षांनी. सरकारी सन्मानाला गच्ची चढायला इतका वेळ लागायचाच.

या मधल्या काळात अशा कामाला एक भारदस्त नाव मिळाले: सामाजिक उद्योजकता. विकसनशील देशांतल्या गरिबीवरचा उतारा म्हणून तिच्यावर परिषदा भरतात, अभ्यासक्रम निघतात, बक्षिसे दिली जातात. गच्चीवरच्या बायकांना यातले काही ठाऊक नव्हते. दुपारचा मोकळा वेळ आणि लाटण्याचे हात एवढेच त्यांच्यापाशी होते. तरीही त्यांच्या ‘लिज्जत’ या पापड संस्थेची सभासदसंख्या आज ४५ हजारांच्या आसपास सांगितली जाते. परिषदांमधल्या सादरीकरणांत दिसणाऱ्या उपक्रमांपैकी किती साठी गाठतात?

टिकण्याचे रहस्य वगैरे काही नाही, पद्धत आहे. ती जवळून पाहावी. सकाळी शाखेत उडदाचे पीठ मिरी, हिंग, पापडखार घालून मळले जाते. बायका कालचे वाळलेले पापड घेऊन येतात. ते तपासून, वजन करून घेतले जातात. कालच्या कामाची वणई, म्हणजे लाटणावळ, हाती पडते आणि आजचे पीठ डब्यात घेऊन त्या घरी जातात. ज्या लाट्या आपण लहानपणी आईची नजर चुकवून तेलात बुडवून खाल्ल्या, त्याच लाट्यांवर कुणाच्या तरी मुलाची शाळेची फी निघते. वणईचा मोठा गुण म्हणजे ती रोजच्या रोज मिळते. गरिबीत महिन्याच्या उत्पन्नापेक्षा उद्या सकाळच्या दुधाचे पैसे मोठे असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. इथे लाटणारी प्रत्येकजण सभासद, आणि नफा-तोटा साऱ्यांचा. हिशेबनीस, वाहनचालक म्हणून पुरुष नोकरीला असतात, सभासद होऊ शकत नाहीत. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असे या बायकांनी सुरुवातीलाच ठरवले. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकावा म्हणून. छगनबाप्पांनी ते बंद करायला लावले: माल एकाच प्रतीचा, आणि हिशेब चोख. बिचाऱ्या बायकांनी केले आहे म्हणून घ्या, ही विनवणी त्या दिवसापासून संपली. गरिबांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू आपण एकदा घेतो आणि दुसऱ्यांदा घेत नाही; त्याचे कारण या सल्ल्यात सापडते.

सगळेच गोड नाही. वणई ही वजनावरची मजुरी. अंग दुखले, हात थांबला की ती थांबते. पापड लाटून कुणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. आणि सरकारशिवाय सारे उभे राहिले, हा समजही खोटा. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, आठ लाखांचे खेळते भांडवल दिले. मात्र हा पैसा आला तो संस्था सात वर्षे स्वतःच्या पायांवर चालल्यानंतर. आधी अनुदान आणि मग त्यासाठी संस्था, हा आपल्याकडचा रूढ क्रम इथे उलटा होता.

मालकीचा प्रश्न टाळला तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. बांगलादेशातल्या जोब्रा गावात १९७६ साली महंमद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर इतकी रक्कम उसनी दिली. त्यातून ग्रामीण बँक वाढली. तिचे बहुसंख्य भागभांडवल कर्जदार बायकांच्याच हाती होते. २००६ मध्ये युनूस आणि बँक या दोघांना शांततेचे नोबेल मिळाले. सूक्ष्मकर्जाची लाट जगभर पसरली, पण मालकीचा भाग वाटेत गळाला. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि राज्याला वटहुकूम काढावा लागला. गरिबाच्या दारातून निघालेला नफा शेअर बाजारात पोहोचला होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेली पाहणीही उत्साह आवरायला लावणारी: आधीपासून धंदा असणाऱ्यांचा धंदा थोडा वाढला, घरखर्चात किंवा बाईच्या अधिकारात डोळ्यांत भरेल असा फरक दिसला नाही.

साताऱ्यातल्या म्हसवडचा अनुभव या दोन्हींच्या मधला. चेतना गाला-सिन्हा यांनी गावातल्या बायकांसाठी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज काढा. तुमचे साहेब आधी सांगतात की आम्ही, ते पाहू. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. ज्यांना पाढे येत नाहीत असे गृहीत धरले होते, त्यांचा तोंडी हिशेब बाजारात पक्का झालेला होता.

आणखी एक शब्द. ‘लिज्जत’मध्ये सभासदाला ‘बहेन’ म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२४ पासून बहिणीला महिन्याला दीड हजार रुपये द्यायला सुरुवात केली. त्या पैशांची टिंगल करायचे कारण नाही. ज्या घरात ते जातात तिथे त्यांची किंमत विचारावी. फरक इतकाच की सरकारच्या यादीत ती लाभार्थी असते. निकष बदलले की तिला कागदपत्रे घेऊन रांगेत उभे राहावे लागते. गिरगावच्या बहिणीला पापड नापास झाल्याचे ऐकावे लागले असेल, अपात्र झाल्याचे नाही.

यावर कुणी विचारेल, मग आणखी शंभर ‘लिज्जत’ का निघत नाहीत? त्याचे एक उत्तर गच्चीवरच आहे. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. आजही पीठ नेणाऱ्या बाईच्या घरी पापड वाळवायला स्वच्छ जागा लागते, आणि ती आहे की नाही हे बघितले जाते. मुंबईत ही अट दरवर्षी जड होत चालली आहे. चाळ पाडून मनोरा उठतो, झोपडीच्या बदल्यात ३०० चौरस फुटांचे घर मिळते, गच्चीला कुलूप लागते. मंजूर नकाशात ओटा असतो, न्हाणीघर असते, वाहनतळ तर असतोच. पापड वाळवायची जागा त्यात दाखवलेली नसते.