आधी सँड वेज काट्यावर ठेवा

पावसाळा सरून कोर्स मोकळे झाले, की आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रे सुरू होतात. नवी सँड वेज घेतली, बंकरमधून चेंडू निघतो, पण ऐंशी यार्डांवरचा फुल शॉट कधी उजवीकडे, कधी तोकडा. यंदा काही वाचकांनी पत्रासोबत बिलेही जोडली आहेत. त्यांवर कंपनीचे नाव आहे, ५६ अंश लॉफ्ट आहे, किंमत आहे. शाफ्ट कोणता, किती ग्रॅमचा, क्लबची लांबी किती, स्विंगवेट किती, हे एकाही बिलावर नाही. ड्रायव्हरसाठी गिऱ्हाइकाला तासभर लाँच मॉनिटरसमोर उभे करणारे दुकान सँड वेज मात्र खुंटीवरून काढून हातात देते. हे आता थांबले पाहिजे.

एका वाचकाचा सेट पाहा. आयर्न्सना ६५ ग्रॅमचे ग्राफाइट शाफ्ट, स्विंगवेट डी-१. त्याला विकलेल्या वेजमध्ये १३० ग्रॅमच्या आसपासचा स्टील शाफ्ट. म्हणजे नऊ नंबरवरून वेजवर येताच हातातला क्लब साठ ग्रॅमहून अधिक जड होतो. डाउनस्विंगमध्ये हात मागे राहतात, फेस उघडा येतो, चेंडू उजवीकडे जातो. त्यानंतर कोचने तीन महिने त्याची ग्रिप आणि खांद्यांची फिरत सुधारली. वेज काट्यावर कोणीच ठेवली नाही. ही चूक दुकानाइतकीच कोचचीही आहे, आणि आमचे निम्मे वाचक कोच आहेत म्हणून ती इथे स्पष्ट लिहीत आहोत.

“वेज फ्लेक्स आहे, कोणालाही चालतो,” हे उत्तर तर आता ऐकवत नाही. फ्लेक्सला या धंद्यात सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक निघतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. वेज फ्लेक्स या शिक्क्याने तर वजनाचाही अंदाज येत नाही. प्रश्न विचारायचा तो आधी वजनाचा. खेळाडूच्या आयर्न शाफ्टचे वजन हा पाया. वेजचा शाफ्ट तेवढाच, नाहीतर दहा-पंधरा ग्रॅम जड असावा. जो खेळाडू ५६ अंशांची वेज फुल स्विंगने मारतो, त्याला आयर्न्सचाच शाफ्ट द्या. जो ती फक्त बंकरमध्ये आणि ग्रीनच्या कडेला काढतो, त्याला थोडा जड आणि एखादी पायरी मऊ शाफ्ट मानवतो. टेपर टिप असेल तर आठ नंबरचा शाफ्ट वेजमध्ये बसवून बटकडून कापा. पॅरलल टिप असेल तर टिप ट्रिम कमी ठेवा.

वजनाचे दुसरे टोक हेडचे. जीन साराझेन यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला निब्लिकच्या सोलमागे धातू चढवून आजच्या सँड वेजला आकार दिला आणि १९३२च्या ब्रिटिश ओपनमध्ये ती वापरून अजिंक्यपद जिंकले. सोलवरची ती भर वाळूत रुतून बसत नव्हती, चेंडूखालून सरकत होती. आजही वेजचे हेड तीनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि स्विंगवेट आयर्न्सपेक्षा दोन ते चार पॉइंट वर ठेवतात, ते याच कामासाठी. हलके हेड ओल्या, बसलेल्या वाळूत थांबते. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर बंकर असेच असतात.

पण स्विंगवेट म्हणजे वजन नव्हे. जाड ग्रिप घातली, पाच ग्रॅम वाढले, तर स्विंगवेट एक पॉइंट उतरते आणि क्लब मात्र जड होतो. अर्धा इंच कापला की तीन पॉइंट जातात. डी-४ची वेज डी-१ होते, आणि कापणारा होसेलमध्ये टिप वेट घालण्याचे कष्ट घेत नाही. स्टील काढून ६५ ग्रॅमचा ग्राफाइट बसवला तर सहाएक पॉइंट घसरतात. डी-५ची वेज सी-९वर येते. आठ ग्रॅम टिप वेटने त्यातले चार पॉइंट परत मिळतात, कारण हेडच्या दोन ग्रॅमना एक पॉइंट. हे हिशेब नवे नाहीत. करायचा कंटाळा आहे.

या कंटाळ्याची सर्वांत मोठी किंमत महिला आणि ज्युनियर खेळाडू मोजतात. घरातल्या पुरुषाने सेट बदलला की त्याची जुनी एस फ्लेक्स स्टीलची वेज पत्नीच्या बॅगेत जाते. वडिलांची वेज चार इंच कापून बारा वर्षांच्या मुलीला देतात. कापल्याने शाफ्ट आणखी कडक होतो, हेड प्रौढ माणसाचेच राहते. मग ती मुलगी बंकरमध्ये मनगटाने क्लब उचलू लागते आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. असा क्लब हातात देणाऱ्या कोचला आम्ही माफ करणार नाही.

मित्रांनो, आजपासून एवढे करा. एकूण वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. स्विंगवेट स्केल नसेल तर चारपाच कोचनी मिळून एक घ्या. शाफ्ट बदलायला सांगण्याआधी हेडच्या मागे चार ग्रॅम लेड टेप लावून सरावाच्या बंकरमध्ये वीसेक चेंडू मारायला लावा, मग दोन ग्रॅम काढून पुन्हा. खेळाडूला बजावून ठेवा की टेप राउंडआधी लावायची. राउंड सुरू असताना ती लावून किंवा काढून त्या क्लबने फटका मारणे नियम ४.१ए मोडते. आणि दुकानदारांनो, बिलावर पाच आकडे लिहा : लांबी, एकूण वजन, शाफ्टचे नाव आणि वजन, स्विंगवेट, मोजलेला लॉफ्ट व लाय. छापील लॉफ्ट नको, मोजलेला हवा.

आपल्या प्रत्येक शिष्याच्या नऊ नंबरची आणि सँड वेजची ही मापे शेजारीशेजारी लिहून डिसेंबरअखेर आमच्याकडे पाठवा. नावे न देता त्यांचे कोष्टक आम्ही छापू. महिला आणि ज्युनियर खेळाडूंच्या नोंदी आधी पाठवा, त्या आमच्याकडे सर्वांत कमी आहेत.